ड्रॉइंग नंबर शून्य शून्य एक

सोसायटीच्या देवळाची दानपेटी मोजायचं काम माझ्याकडे आलं, ते काही माझी योग्यता पाहून नव्हे. सर्वसाधारण सभेत खजिनदाराचा विषय निघाला तेव्हा मी चहाच्या थर्मासपाशी होतो आणि कप घेऊन परत येईपर्यंत टाळ्या वाजून गेल्या होत्या. हे मी कुणाला सांगत नाही. ‘एकमताने निवडलं’ असंच सांगतो. ते खोटंही नाही, माझं सोडून सगळ्यांचं एकच मत होतं.

दर तीन महिन्यांनी पेटी उघडते. सभागृहात चादर अंथरायची, पाच-सहा जणांनी मांडी घालून बसायचं. नोटा दहा मिनिटांत उरकतात आणि मग चादरीवर राहतो तो चिल्लरीचा ढीग. त्यात दोन तास जातात. सत्तेचाळीसपर्यंत आलेल्या माणसालाच नेमका फोन येतो, आणि फोन ठेवल्यावर तो पुन्हा एकपासून सुरू करतो. मागच्या वेळी असंच चाललं असताना मी म्हणालो, “यासाठी एक ट्रे करता येईल. वरून नाणी ओतायची, खाली आपोआप वेगळी होऊन थप्प्या लागतील. मी करतो.”

शेवटचे दोन शब्द बोलायची काही गरज नव्हती. सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात घातले.

‘ट्रे’ हा शब्द माझ्या तोंडी आला तो अण्णांमुळे, म्हणून जरा अण्णांबद्दल. अण्णा म्हणजे माझे वडील. एस.टी.त कंडक्टर होते, पनवेल डेपो. चामड्याची पिशवी, पत्र्याची तिकिटांची पेटी, टिकटिक करणारा पंच आणि कानामागे पेन्सिल. मुंबईची गाडी वाट्याला आली की ते वैतागायचे. त्यांचं प्रेम वस्तीच्या गाड्यांवर. रात्री शेवटची गाडी घेऊन एखाद्या गावात जायचं, देवळात झोपायचं आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत. कर्नाळ्याची खिंड लागली की ड्रायव्हर आतले दिवे घालवायला लावायचा, काचेवर उजेड पडतो म्हणून. पुढचं सगळं काम अंधारात. तिकीट अंधारात, पैसे अंधारात आणि परत द्यायचे सुट्टे तेही अंधारात. पेणच्या बाजाराहून परतणाऱ्या कोळणींची नाणी ओली असायची, पिशवी उघडली की घरभर म्हावऱ्याचा वास.

अंधारात चालायचं कसं? तर त्या वेळची नाणीच तशी होती. एक पैसा चौकोनी, पाच पैसेही चौकोनी पण अंगाने मोठे, दोन पैशाला फुलासारख्या आठ पाकळ्या, तीन पैसे षटकोनी, दहा पैसे पुन्हा पाकळ्यांचे पण ऐसपैस. चाराणे-आठाणे गोल, कडेला दाते. १९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले. तेव्हा सोळा वर्षांचे असलेले अण्णा अजून ‘बारा आणे काम झालं’ असंच म्हणतात. पण त्यांच्या बोटांनी मात्र दशमान पद्धत कधीच स्वीकारली होती. पिशवीत हात घातला की हवं तेच नाणं वर यायचं. हात रिकामा वर आलेला मी पाहिलेला नाही.

आमचा रविवारचा खेळ ठरलेला. अण्णा डोळे मिटून पुढे तळवा धरणार, आम्ही भावंडांनी त्यावर एकेक नाणं ठेवायचं. चुकले तर लिमलेटची गोळी. ती गोळी आमच्यापैकी कुणालाच कधी मिळाली नाही. एकदा ताईने नाण्याऐवजी पितळी बटण ठेवलं. अण्णांनी अंगठा फिरवला आणि डोळे न उघडता म्हणाले, “हे माझ्याच गणवेशाचं आहे. आईला सांग, लावून ठेव. उद्या ड्यूटी आहे.”

खोटं नाणं ते पेटीच्या पत्र्यावर टाकून ओळखायचे. नुसता आवाज ऐकून म्हणायचे, “ताई, दुसरं द्या.” आणि हिशेबाचं त्यांचं एक वाक्य होतं, ते आम्हा मुलांना पाढ्यांबरोबर पाठ झालं होतं: पाच पैसे कमी आले तर पदरचे भरायचे, पाच पैसे जास्त आले तर तेही भरायचे. आईचं म्हणणं, या वाक्यात आपल्या घरी काय यायचं ते कुठेच नाही.

असो. ट्रे.

माझ्याकडे एक व्हर्नियर आहे. तळोजा एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला एकवीस वर्षं काढली की माणसाजवळ दोन गोष्टी उरतात, कंबरदुखी आणि व्हर्नियर. मिलिमीटरचा पन्नासावा भाग दाखवतो तो. घरात त्याने मी पुष्कळ काही मोजलं आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी चपातीची जाडी मोजली होती. दुसऱ्या वर्षापासून मोजली नाही.

बायकोच्या पर्समधली अकरा नाणी घेऊन मी बसलो. रुपया २२ ला जरा कमी. पाच बरोबर २३. दोन २५. दहा २७. प्रत्येकात मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक. मला भरून आलं. एक उतरती फळी, तिच्यावर चार भोकं, वरून खाली लहान ते मोठं. नाणं घसरत येणार आणि आपल्या मापाच्या भोकात पडणार. भोकाखाली पाइपाचा तुकडा, त्यात थप्पी. पाइपाला उभी फट, फटीशेजारी पंचवीस-पन्नास-शंभरच्या खुणा. मोजायची गरजच नाही, थर्मामीटरसारखं वाचायचं. मी रीतसर ड्रॉइंग काढलं. समोरून, वरून, बाजूने. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट: ड्रॉइंग नंबर शून्य शून्य एक, काढणार मी, तपासणार मी, मंजूर करणार मी.

बायकोने चष्मा लावून ते तिन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे चाळणीच ना?”

मी तिला तत्त्व समजावलं.

“हां,” ती म्हणाली, “उतरती चाळणी.”

फळीला वरून पातळ पत्रा हवा होता, फूटभर बाय अर्धा फूट. मी राहतो कळंबोलीत. माझ्या गॅलरीतून ट्रेलर दिसतात, त्यांवर कॉइल दिसतात, आणि सर्कलला ट्रेलर अडकला की त्याच कॉइल संध्याकाळीही दिसतात. अख्खा लोखंड बाजार हाकेच्या अंतरावर. तेव्हा पत्र्याची चिंता मी केलीच नाही. रुबाबात एका पेढीवर गेलो, ‘एक मिलीचा पत्रा पाहिजे’ म्हणालो. शेठ अदबीने उठले, खुर्ची दिली, चहा सांगितला आणि विचारलं, “किती टन?”

चहा पिऊन झाल्यावर मी खरं माप सांगितलं. शेठ हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. शेवटी पत्रा मिळाला भंगारवाल्याकडे, वजनावर, आणि त्याच्या तराजूवर माझा व्हर्नियर काही चालला नाही. पाइप लाइटफिटिंगच्या दुकानातून, तीन मीटरच्या खाली तोडून देत नाहीत म्हणून अख्खा. उरलेला पाइप अजून बाल्कनीत आहे. त्यावर आता कपडे वाळतात आणि माझ्या उपक्रमाचा तेवढा भाग यशस्वी झाला असं घरात सर्वमान्य आहे.

भोकं पाडायला दोन रविवार गेले. ड्रिल भाड्याचं, कानस स्वतःची. पाचाच्या भोकाला कानस जास्त लागली तर दोनच्या भोकात आणि त्यात काही फरक राहणार नाही, या धास्तीने मी दर चार घासण्यांना मोजत होतो. मुलगा म्हणाला, “बाबा, देवळात क्यूआर कोड लावा ना.” त्याला वाटलं, प्रश्न पैसे गोळा करण्याचा आहे.

मग चाचणी. तीच अकरा नाणी वर ठेवली. खट्, खट्, खट्. एकही चुकलं नाही. व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. एकतीस अंगठे आले. नाण्यांवरही मध्यंतरी अंगठा आला होता, २००७ च्या सुमाराच्या रुपयावर. दोनवर दोन बोटं आणि आठाण्यावर वळलेली मूठ. तो अंगठा बघून आम्ही तेव्हा हसायचो. माझे एकतीस अंगठे मात्र मी रात्री पुन्हा एकदा मोजले.

पेटी उघडायच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. चादर अंथरलीच होती, मी म्हटलं, “राहू द्या, आज लागणार नाही.” मूठभर नाणी वर सोडली. छान खडखडाट झाला. दुसरी मूठ, तिसरी मूठ. नळ्या भरल्या. चेअरमननी पाचाची नळी उचलली, चादरीवर पालथी केली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

नळीत पाच होते. आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून दोन होते.

झालं होतं ते असं. बायकोच्या पर्समधली सगळी नाणी एकाच घराण्यातली होती, २०११ नंतरच्या, रुपयाचं नवं चिन्ह असलेल्या मालिकेतली. देवाची पेटी म्हणजे अख्खा पिढीजात वाडा. २०१९ ला जी नवी मालिका आली तिच्यात रुपया २० मिलिमीटर, दोन २३, पाच २५, दहा २७ आणि वीसही २७, फक्त वीसला बारा कोपरे. म्हणजे नवा दोन बरोबर जुन्या पाचाच्या मापाचा, आणि नवा पाच जुन्या दोनाच्या. त्यात १९९२ पासूनचा तो मोठा स्टीलचा रुपया, तोही २५. माझ्या दोनच्या भोकातून त्यामुळे रुपया, दोन आणि पाच असे तिघेही गुण्यागोविंदाने जात होते. २००५ च्या पुढचे स्टीलचे मोठे दोन २७, ते दहाच्या पंगतीला. पूर्वीचा अकरा कोपऱ्यांचा दोन २६, तो आधी कोपऱ्यावर अडून बसला आणि मागची सगळी रांग घेऊन सर्कलच्या ट्रेलरसारखा उभा राहिला. आठाणे २२ चे, म्हणजे २०११ च्या रुपयाचंच माप. आठ आण्यांच्या अंगात रुपया घुसवलेला आहे, हे मला या वयात कळलं. आणि तो ९ ग्रॅमचा जाडजूड जुना पाच! त्याची बांगलादेशात तस्करी होऊन दाढीची ब्लेडं बनतात अशा बातम्या यायच्या. उरलेसुरले आमच्या देवळात आले असावेत. तो पडला भोकात बरोबर, पण त्याच्या जाडीमुळे नळीवरच्या माझ्या खुणांना काही अर्थ उरला नाही.

भरीला वॉशर. आमचा देव लोखंड बाजाराचा शेजारी, त्याच्या पेटीत वॉशर निघतातच. दहा नंबर बोल्टचा साधा वॉशर बाहेरून २० मिलिमीटर असतो. नव्या रुपयाइतका. एवढी अचूकता टांकसाळीला आणि बोल्टवाल्याला एकमेकांशी न बोलता कशी साधली, कोण जाणे.

ट्रेच्या हिशेबाने चिल्लर भरली तीन हजार आठशे बारा. मग चादर अंथरली गेली, मागून चार वहिनी आल्या, गप्पा मारत त्यांनी चाळीस मिनिटांत बोटांनी सगळं वेगळं केलं. तीन हजार एकशे सत्तेचाळीस, आठाणे धरून. मी इस्त्रीच्या शर्टात वॉशर बाजूला काढत होतो.

दहाच्या नाण्यांची रास पेटीत सगळ्यात मोठी असते, याचं कारण भक्ती नव्हे. ‘दहाचं नाणं चालत नाही’ ही अफवा अजून जिवंत आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं की दहाची नाणी चौदा प्रकारची आहेत आणि चौदाही चालतात. दुकानदारांनी त्यातलं ‘चौदा’ एवढंच ऐकलं. त्यांनी नाकारलेलं नाणं माणूस देवापुढे टाकतो, देव काही ‘दुसरं द्या’ म्हणत नाही. तो ते आम्हाला देतो, आणि आम्ही एका बँकेच्या खिडकीशी उभे राहतो. शंभर-शंभरची पाकिटं करून आणा, असं तिथे सांगतात. रिझर्व्ह बँकेची सूचनाही तशीच आहे, पण त्याच कागदात रुपया-दोन रुपयांची नाणी वजनावरही घ्यावीत असं लिहिलेलं आहे. मी ते छापून नेलं होतं. कॅशियरने वाचलं, मान डोलावली आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

ट्रे मी माळ्यावर टाकणार होतो. पण खाटेवरून अण्णा म्हणाले, “दे इकडे.”

अण्णांना आता दिसत नाही. काचबिंदू. उजेड-अंधार कळतो, दारात कुणी उभं राहिलं की कळतं, बस्स. मला वाटलं, आता गंमत होणार. दोन रविवारांच्या यंत्राला जे जमलं नाही ते हा माणूस चुटकीसरशी करून दाखवणार. मी मनात या लेखाचा शेवटसुद्धा तयार करून ठेवला. मूठभर नाणी त्यांच्या तळव्यावर ठेवली. अंगठा फिरला. थांबला. परत फिरला.

“हा कुठला?”

“नवा पाच, अण्णा.”

“आणि हा?”

“जुना रुपया.”

“मग दोन कुठे?”

दोन त्यांच्या हातातच होते, तीन प्रकारचे. पाच मिनिटांनी त्यांनी नाणी ट्रेवर ठेवली आणि हात पुसले. मला लिमलेटच्या गोळीची आठवण झाली आणि ती नकोशी वाटली.

मग माझ्या लक्षात आलं की गेलं वर्षभर मी काय पाहत होतो. रिक्षातून उतरताना अण्णा खिशातली सगळी चिल्लर तळव्यावर काढतात आणि हात पुढे करतात. “घे बाबा तुझे तुझ्या हाताने.” ज्या माणसाने छत्तीस वर्षं हजारो लोकांच्या हातातली नाणी स्वतः पारखून घेतली, तो माणूस. मला वाटायचं, म्हातारपणी स्वभाव सैल झाला.

इथे मला खरंच राग येतो, आणि तो विनोदात बसत नाही. २०१९ ची ती मालिका आणली गेली तीच अंधांच्या सोयीसाठी. पंतप्रधानांनी ती प्रसिद्ध केली तेव्हा अंध मुलांना मुद्दाम बोलावलं होतं. आणि आखणी उत्तमच आहे: किंमत वाढते तसा आकार वाढतो, वजन वाढतं, वीसला कोपरे. नवी पाच नाणी टेबलावर ओळीने ठेवली तर कुणीही डोळे मिटून ओळखावी. पण माणसाच्या खिशात ओळीने पाच नाणी नसतात. आधीची सगळी घराणी तशीच बाजारात आहेत, कायद्याने चालतात आणि चालायलाच हवीत. मग २३ मिलिमीटर म्हणजे किती, हे बोटांना कुणी सांगायचं? पाकळ्या, चौकोन, षटकोन ही भाषा आपल्याकडे होती. घासून सगळी गोल केली आणि मग मिलिमीटर मोजत बसलो. ज्याने कुणी ते माप ठरवलं, त्याच्यासमोर एकाच पर्समधली नाणी असणार. मला त्याच्यावर नीट चिडताही येत नाही. त्याच्या कागदावरही उजव्या कोपऱ्यात चौकट असेल.

ट्रे अण्णांनी ठेवून घेतला. मी त्याला २० चं एक भोक वाढवून दिलं, ड्रॉइंगवर ‘रेव्हिजन बी’ असं लिहिलं. रात्री त्यांच्या खोलीतून आवाज यायचे. खट्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा खट्. बोटाने भोकं मोजत ते नाणं वरून सोडायचे: पहिलं-दुसरं रुपयाचं, तिसरं पाचाचं, चौथं दोनचं, शेवटचं दहाचं. मी एकदा सांगायला गेलो की अण्णा, तिसऱ्यात नवे दोनही जातात. ते म्हणाले, “तू झोप.”

गेल्या महिन्यात पुन्हा पेटी उघडली. या वेळी मोजणी आमच्याच घरी, सभागृहाला रंग लावत होते म्हणून. अण्णा खुर्ची ओढून चादरीच्या कडेला बसले, मांडीवर ट्रे. वहिनींनी शंभर-शंभरची पाकिटं भरत आणली. पाचाचं शेवटचं पाकीट भरलं नव्याण्णव.

“एक कमी,” कुणीतरी म्हणालं.

अण्णांनी मान वर केली. “कमी? मग पदरचं घालायचं.” त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, आतल्या आत चाचपलं. हात वर आला तेव्हा बोटांत एकच नाणं होतं. तळव्यावर सगळी चिल्लर काढली नाही. अंगठा एकदा कडेवरून फिरवला आणि नाणं माझ्यापुढे धरलं.

“हे घे. पाच.”

पांढरं होतं. नवा दोन.

मी ते घेतलं. चेअरमन बघत होते, वहिनी बघत होत्या. “पाचच आहे,” मी म्हणालो आणि नाणं ट्रेवर सोडलं. पहिल्या भोकावरून गेलं, दुसऱ्यावरून गेलं आणि तिसऱ्यात पडलं. खट्.

“चालतोय की तुझा ट्रे,” अण्णा म्हणाले.

मी ते नळीतून काढून पाकिटात टाकलं, पाकिटाला पिन मारली आणि वर लिहिलं, १०० × ५ = ५००. ती पिन मी रात्री, ते झोपल्यावर, काढली.